तेल कुठे घालायचं नाही: सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

कारखाना सोलापूरच्या पूर्व भागातला. पुढे घर, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये बारा यंत्रमाग. सगळे धोट्याचे (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो), जुने, आणि सगळ्यांवर एकच माल: टेरी टॉवेल. मालक साठीचे. घरात तेलुगू, कामगारांशी मराठी-तेलुगूची सरमिसळ. मुलाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. त्याला सगळे धाकटे मालक म्हणतात. मागांची दुरुस्ती बघणारे जॉबर म्हणजे मास्तर. गिरणी बंद पडल्यावर ते या धंद्यात आले आणि इथेच मुरले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सोलापुरी चादरीसारखंच सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. टॉवेल कसा बनतो हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टेरीच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, दोन बीम (सूत गुंडाळलेले मोठे रूळ) असतात. एक तळाच्या कापडाचा, त्याचं सूत ताठ. दुसरा लूपचा, त्याचं सूत ढिलं. नेहमीच्या तीन धाग्यांच्या टेरीत आडवे दोन धागे आधी कापडापासून थोडे मागेच ठेवले जातात. तिसरा आला की फणी तिघांनाही एकदम ठोकून पुढे नेते. हे तीन धागे ताठ सुतावरून घसरत पुढे जातात, पण ढिल्या सुताला चिमटीत पकडून सोबत नेतात. ते सूत वर उचललं जातं, तोच लूप. म्हणजे एकाच ठोक्यात एका सुतावरून घसरायचं आणि दुसऱ्याला धरून ठेवायचं, अशी ही करामत आहे. लूपला गाठ नसते, फक्त घर्षण. नवा टॉवेल खिळ्याला अडकला तर एक लूप लांबच लांब निघत जातो तो यामुळेच. सुताचंही तसंच: कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा, पीळ दिला की तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि सुटत नाहीत. पीळ उलगडा, हातात कापूस उरतो.

आता मुद्द्याचा भाग. तळाचं सूत ताठ राहायचं तर बीम सहजासहजी फिरता कामा नये. पुढचा रोलर कापड ओढेल तेवढाच तो सुटायला हवा. जुन्या मागांवर हे काम साखळी करते. बीमच्या टोकाशी लोखंडी चाक असतं, त्यावर साखळीचा वेढा. साखळीचं एक टोक मागाच्या सांगाड्याला अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला दांडा आणि दांड्याला वजनं. साधा ब्रेक आहे हा. अख्ख्या मागात घर्षण मुद्दाम हवं असलेल्या ज्या थोड्या जागा आहेत, त्यांतली ही पहिली.

अडचण

ऑगस्टमध्ये एका व्यापाऱ्याने लॉट परत केला. हॉटेलांना पुरवायचा पांढरा माल होता. टॉवेल उजेडात धरला की आडवे पट्टे दिसत होते, कुठे दाट, कुठे विरळ. काही नगांचे लूप एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बसके. व्यापारी फोनवर फार बोलला नाही. "मालक, हा सेकंडमध्ये काढा," म्हणजे दुय्यम माल धरा, एवढंच म्हणाला.

मी यंत्रमागांच्या देखभालीचं काम करतो. मला बोलावणं आलं तोवर घरच्या घरी बरेच उपाय होऊन गेले होते. पावसाळी हवेत साखळी चाकाला धरते आणि सूत तुटतं म्हणून मास्तरांनी साखळीवर तेल सोडलं. सूत तुटायचं थांबलं, पण तळ ढिला पडला. ठोक्यासरशी कापड पुढे-मागे हलायला लागलं. मग विणकरांनी आपापल्या दांड्यांवर वजन वाढवलं. दांड्यांना काय काय लटकवलं होतं ते बघण्यासारखं होतं: दातेरी चाकाचा तुकडा, तारेने बांधलेल्या दोन विटा, एका मागावर तर वाळू भरलेला रंगाचा डबा. तोवर त्या तेलात कापसाचा उडता भुगा आणि खळीची पावडर बसून चिकट लगदा झाला होता. साखळी पुन्हा धरायला लागली, मास्तरांनी पुन्हा तेल सोडलं.

मालकांचा निष्कर्ष वेगळाच होता. बारांपैकी सात मागांवर पट्टे पडत होते आणि त्या सातांवर नव्या वार्पिंगवाल्याकडचे (बीमवर सूत गुंडाळून देणाऱ्याकडचे) बीम होते. उरलेल्या पाचांवर जुन्या वार्पिंगवाल्याचे. "सर, सूतच खराब आहे. एप्रिलपासून याच्याकडे गेलो आणि तिथूनच साडेसाती लागली." हा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. सात आणि पाच अशी सरळ विभागणी समोर दिसत असताना कुणीही हेच म्हणेल.

शोध कसा लागला

आधी हे बघायचं होतं की घसरतंय कुठे, मागे की पुढे. पुढच्या बाजूला कापड ओढणाऱ्या रोलरवर खरखरीत पत्रा चढवलेला असतो. तो भुग्याने बुजला किंवा त्याला तेल लागलं की कापड त्यावरून घसरतं आणि असेच पट्टे पडतात. रोलरवर आणि कापडाच्या काठावर मिळून खडूने एक रेघ मारली आणि माग चालवला. रेघ तुटली नाही. मग तशीच रेघ मागे बीमच्या चाकावर आणि साखळीवर मारली. धोटा येरझाऱ्या घालतोय, फणी ठोकतेय, पुढचा रोलर ओढतोय आणि बीम ढिम्म. सूत ताणत ताणत जातं. मग बीम खट्कन् सरकतो आणि पुन्हा थांबतो. बीमच्या दोन खटक्यांमध्ये जेवढं कापड विणलं जात होतं, तेवढंच अंतर कापडावरच्या दोन पट्ट्यांमध्ये होतं. पट्ट्यांचं कारण साखळीपाशी होतं, याबद्दल शंका उरली नाही.

थांबलेली वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा ती हलती ठेवायला सहसा कमी लागतो. घर्षणाचा हा स्वभाव कुलोंब या फ्रेंच अभियंत्याने 18व्या शतकात बारकाईने तपासला. कपाट सरकवताना आधी हलत नाही आणि मग एकदम पुढे जातं, दाराची बिजागरी कुरकुरते, ते सगळं यातलंच. दोन्ही जोरांमधला फरक जितका मोठा, तितके खटके मोठे.

पण मग पाच माग सुरळीत का? हवा तीच, पाऊस तोच. इथे मास्तर सहज बोलून गेले त्यातून धागा मिळाला. विटा का लटकवल्या, लोखंडी वजनं कुठे गेली, असं विचारलं तेव्हा त्यांनी शेडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे ओतीव वजनांचा ढीग पडला होता, त्यावर कोळिष्टकं. "उन्हाळ्यात काढून ठेवली. या सात मागांना वजनच लागेना. दांड्यावर नावाला एक ठेवलं तरी बीम घट्ट बसायचा. विणकर खूश, आम्ही पण खूश." मग पावसात तेल सोडल्यावर वजन हवं झालं, तेव्हा हाताला येईल ते लटकवलं गेलं.

एप्रिलमध्ये ज्या मागाला एवढं वजन लागत होतं त्याचं काम अचानक एका वजनात भागायला लागलं. हे का झालं, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

दोन मागांच्या मागे बसून बघितलं तर फरक डोळ्यांसमोर होता. चांगल्या मागावर सूत बीमच्या वरून सुटत होतं, वाईट मागावर खालून. म्हणजे बीम उलट दिशेने फिरत होते. कारण अगदीच मामुली निघालं. बीमच्या एका टोकाला वार्पिंगवाल्याची चिठ्ठी असते आणि इथे बीम चढवताना चिठ्ठी डाव्या हाताला ठेवायची पद्धत होती. नवा वार्पिंगवाला चिठ्ठी दुसऱ्या टोकाला लावत होता. एका विणकराने चढवतानाच म्हटलं होतं की सूत खालून येतंय. त्याला उत्तर मिळालं, "चालतंय ना? मग चालू दे."

उलट्या दिशेने काय बिघडतं

गावाकडे उधळलेल्या बैलाचं दावं खुंट्याला दोन वेढे देऊन धरतात. मोकळं टोक पोराच्या हातात असलं तरी बैल थांबतो. वेढ्यागणिक धरण्याची ताकद बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. 18व्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र हेच सांगतं. घर्षणाचा गुणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात त्याचं माप) 0.3 धरला तर एका पूर्ण वेढ्यात ओढलेल्या टोकाचा ताण ढिल्या टोकाच्या साधारण साडेसहा पट होऊ शकतो. गुणांक निम्म्यावर, 0.15 वर आला की तो अडीच पटीच्या आसपास उरतो.

साखळीचंही तसंच. चाक फिरताना साखळीला आपल्यासोबत ओढतं. त्यामुळे एक टोक ताठ होतं आणि दुसरं ढिलं पडतं. प्रश्न इतकाच की वजन कुठल्या टोकाला आहे. बीम उलटा फिरला की ताठ आणि ढिल्या टोकांची अदलाबदल होते; त्या सात मागांवर वजन असं ढिल्या टोकाला आलं होतं.

वजन ताठ टोकाला असेल तर ब्रेक वजनापेक्षा जास्त कधीच धरू शकत नाही. साखळी जास्त चिकटली तर दांडा उचलला जातो, दुसरं टोक ढिलं पडतं, पकड आपोआप सुटते. वजन ढिल्या टोकाला असेल तर ही सोय राहत नाही. तिथे वजनाला घर्षण गुणत जातं, आणि घर्षण थोडं बदललं की पकड खूप बदलते.

गोल आकडे घेऊन बघू. ताठ टोकाला 60 किलो असतील तर 0.3 गुणांकाला एका वेढ्यात साधारण 51 किलोची पकड मिळते. गुणांक 0.15 झाला तर 37 किलोची. फरक पडतो, पण माग चालतो. ढिल्या टोकाला तेवढीच 51 किलोची पकड मिळवायला 9 किलो पुरतात. म्हणून तर वजनं कोपऱ्यात गेली. पण तिथे गुणांक 0.15 झाला की तीच पकड 14 किलोवर येते. आणि दमट हवेत चाकावर गंज धरून गुणांक 0.4 झाला तर 100 च्या वर जाते. उन्हाळाभर सोलापूरची हवा कोरडी ठणठणीत होती, गुणांक एका जागी राहिला, म्हणून माग चालले. जूननंतर गंज, दमटपणा, तेल, भुगा असं सगळं आलं आणि प्रत्येक बदल कित्येक पटींनी कापडावर उमटला.

समोरचे पर्याय

मालकांना वार्पिंगवाला बदलायचा होता. गंमत अशी की ते जुन्याकडे परत गेले असते तर पट्टे खरोखर थांबले असते, चिठ्ठी पुन्हा जुन्या जागी आली असती आणि सूत खराब होतं यावर कायमचा शिक्का बसला असता. पण नवा माणूस उधारी देत होता आणि वेळेवर बीम पोचवत होता.

धाकट्या मालकांना साखळीच नको होती. बीमचा ताण स्वतः सांभाळणारी स्वयंचलित जोडणी बसवावी, निदान चार मागांवर, असं त्यांचं म्हणणं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते. पण ज्या मागांचं आयुष्य किती उरलं ते सांगता येत नाही, त्यांच्यासाठी कर्ज काढायला मालक तयार नव्हते. इथे मला मालकांचं पटलं.

मास्तरांचं म्हणणं होतं की तेल-वजनाचा मेळ बसवू, पावसाळा संपला की आपोआप नीट होईल. होईलही. पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच.

उरला बीम सुलटा करण्याचा पर्याय. पांढरा माल असल्याने डाव्या-उजव्या टोकांची अदलाबदल झाली तरी नक्षी बिघडण्याचा प्रश्न नव्हता. पण चालू बीम उतरवायचा म्हणजे सूत कापायचं, पुन्हा सांधायचं, माग बंद ठेवायचा. विणकराची मजुरी नगावर. बंद माग म्हणजे त्याच्या घरात त्या दिवसाचे पैसे नाहीत. विटा लटकवून का होईना माग चालू ठेवण्याची धडपड कुठून आली, ते इथे कळतं.

काय केलं

सातही मागांची साखळी आणि चाकं आधी साफ केली. कपडे धुण्याच्या पावडरच्या गरम पाण्याने लगदा काढला, कोरडं केलं, गंज पॉलिश पेपरने उतरवला आणि चाकावर शंखजिऱ्याची पावडर चोळली. शंखजिऱ्यामुळे खटके कमी होतात आणि ते तेलासारखं भुगा धरत नाही. विटा आणि वाळूचा डबा गेला, ओतीव वजनं परत आली.

दोन मागांवर बीम न उतरवता साखळीचीच टोकं बदलायचं ठरलं. वेल्डरकडून नवे हूक लावून घेतले आणि वजनाचा दांडा दुसऱ्या बाजूला नेला. पट्टे गेले, पण दांडा विणकराच्या येण्याजाण्याच्या वाटेत आला आणि दुसऱ्याच दिवशी एकाच्या नडगीला लागला. एका मागावर साखळीला दोन वेढेही देऊन पाहिले. वजन ताठ टोकाला असताना वेढे वाढवले की गुणांकाच्या चढउताराचा परिणाम आणखी कमी होतो. पण चाक अरुंद, साखळी स्वतःवरच चढायला लागली. तो नाद सोडला.

उरलेल्या पाच मागांवर बीम संपेपर्यंत थांबायचं आणि नवा बीम सूत वरून सुटेल असा चढवायचा, असं ठरलं. तोवर ते साफ साखळी आणि शंखजिऱ्यावर चालवले. बीम बदलताना प्रत्येक मागाचं माप घेतलं: नव्या बीमवर पट्टा गुंडाळला आणि भंगारवाल्यांकडे असतो तसला लटकता काटा लावून ओढला. बीम हलायला लागताना काटा किती दाखवतो आणि फिरत राहताना किती, हे दोन आकडे भिंतीवर खडूने लिहिले. पूर्वी चांगल्या चालणाऱ्या मागांवर या दोन आकड्यांत आठ-दहा किलोंचा फरक होता. खराब मागांपैकी एकावर, साफसफाईच्या आधी, तो तीसच्या वर होता.

राहता राहिली तेलाची कुप्पी. क्रँकच्या बेअरिंगला आणि धोट्याला फटका मारणाऱ्या पिकरच्या दांडीला तेल हवंच. साखळीला, खरखरीत रोलरला, मोटरच्या पट्ट्याला नको. धाकट्या मालकांनी तेल नको त्या जागांवर लाल रंगाचे पट्टे ओढले. मास्तरांना ते लागलं. "इतकी वर्षं काम केलं, आता रंग बघून तेल घालू का?" यावर मालकांनी चांगला तोडगा काढला. रंग मास्तरांसाठी नाही, मास्तर रजेवर असताना कुप्पी उचलणाऱ्यांसाठी आहे, असं त्यांनी सांगितलं. मग उरलेल्या मागांना मास्तरांनीच रंग दिला.

काय निघालं

सातांपैकी सहा मागांवरचे पट्टे गेले आणि सूत तुटणं पहिल्यासारखं कमी झालं. सातव्यावर अजूनही बारीक पट्टा येतो. त्याचं चाक झिजून लंबगोल झालंय, दर फेऱ्याला साखळी एकदा घट्ट आणि एकदा सैल होते. ते लेथवर घासून घ्यायला दिवाळीच्या सुट्टीत काढायचं ठरलं. तोवर त्या मागावर पुसणी विणतात, टॉवेल नाही.

परत आलेला लॉट किलोवर, म्हणजे वजनाच्या भावाने, गेला. पुढचा लॉट व्यापाऱ्याने घेतला, पण दर थोडा पाडून. वार्पिंगवाल्याला चिठ्ठीचं सांगितल्यावर तो म्हणाला, "एप्रिलमध्येच बोलला असता तर पहिल्या बीमपासून तिकडे लावली असती." सुताचा त्यात काही दोष नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त संधी एप्रिलमधली होती. वजनं कोपऱ्यात गेली तेव्हा कुणाचं नुकसान झालं नाही, उलट काम हलकं झालं, म्हणून कुणी विचारलं नाही. बिघाडाची चौकशी सगळेच करतात. अचानक आलेल्या सोयीची कुणी करत नाही. दांड्यावर किती वजन आहे हे मागावरच लिहिलेलं असतं तर साठाचे नऊ झाल्याचं कुणाच्याही नजरेत आलं असतं.

दुसरी संधी विणकराची. सूत खालून येतंय हे त्याला दिसलं होतं. पण नगावर मजुरी असताना माग थांबवून प्रश्न विचारायचा म्हणजे स्वतःच्या खिशातून विचारायचा. बीम चढवतानाच्या आणि बिघाड दाखवण्याच्या वेळेचा ठरावीक भत्ता द्यावा, असं मी सुचवलं. मालकांनी अजून होकार दिलेला नाही. हिशोब करून सांगतो म्हणाले.

तिसरं, तेल आणि वजन हे दोन्ही उपाय एकाच वेळी दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातांत होते. मास्तर पकड कमी करत होते, विणकर वाढवत होते आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. एका मागावर एका वेळी एकानेच हात घालायचा, एवढं ठरवलं असतं तरी कारण जुलैमध्ये सापडलं असतं.

वरच्या, लूपच्या बीमला अजून कुणी हात लावलेला नाही. तिथे साखळीऐवजी सुती दोर आणि हलकी वजनं आहेत. सुती दोर हवेतला ओलावा पितो, त्यामुळे तिथेही ऋतूप्रमाणे पकड बदलत असणार. लूपच्या उंचीत थोडा फरक पावसाळ्यात सगळ्याच मागांवर दिसतो. मे महिन्यात कोरड्या हवेत त्याची मापं घ्यायची, ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यायची आणि मगच दोर बदलायचा की नाही ते ठरवायचं, असं मालक, धाकटे मालक आणि मास्तर तिघांनी मान्य केलं आहे.